साहेबांचा पिस्तुलाचा पेपर

नवऱ्याच्या साहेबांना पिस्तूल जवळ बाळगायच्या परवान्याची परीक्षा द्यायची आहे आणि त्यांचा अभ्यास मी घ्यायचा आहे, हे मला नवऱ्याने कणीक मळताना सांगितलं. म्हणजे कणीक मी मळत होते. हे दारात उभे राहून लायटर उगाचच चालू-बंद करत होते. काही कबूल करून आले असले की ते असंच काहीतरी हातात घेतात.

"तू मुलांना शिकवतेसच की," ते म्हणाले.

"मी अपूर्णांक शिकवते."

"तेच गं. साहेबांचं बेसिकच कच्चं आहे."

आम्ही तेव्हा कतारमध्ये, दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात राहायचो. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून तीनेक वर्षं होती आणि सगळं शहर उकरून ठेवलेलं होतं. सकाळी ज्या रस्त्याने हे मेसईदच्या कारखान्यात जायचे, तो रस्ता संध्याकाळी जागेवर असेलच याची खात्री नसे. मी नाशिकला बरीच वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. इथे आल्यावर नोकरी नव्हती, म्हणून संध्याकाळी बिल्डिंगमधली चार-पाच मुलं माझ्या मुलीबरोबर जेवणाच्या टेबलाशी अभ्यासाला बसायची. एवढाच माझा पसारा. त्यात आता अमेरिकन साहेब येणार होते.

साहेब साठीच्या आसपासचे, दारातून येताना मान वाकवावी लागेल इतके उंच. करार संपत आला होता आणि पुढच्या वर्षी ते कायमचे घरी जाणार होते. त्यांच्या राज्यात शर्टाखाली पिस्तूल लपवून हिंडायचं तर परवाना लागतो, आणि परवान्यासाठी एक दिवसाचा वर्ग, मग नेमबाजी आणि मग लेखी पेपर. मागच्या सुट्टीत साहेब आणि त्यांची बायको असे दोघे मिळून वर्गाला बसले. साहेब लहानपणापासून वडिलांबरोबर हरणांच्या शिकारीला गेलेले. नेमबाजीत ते पहिले आले. लेखीत नापास झाले. बायकोने आयुष्यात झुरळावर चप्पलसुद्धा नेम धरून मारलेली नव्हती, ती दोन्हींत पास झाली, आणि लेखीत तर पैकीच्या पैकी. तेव्हापासून दर फोनला ती गोड आवाजात विचारायची, "अभ्यास कसा चाललाय?"

हे सगळं साहेबांनी माझ्या नवऱ्याला मेसईदहून परतताना गाडीत सांगितलं. समोर ट्रेलरची रांग, गाडी जागची हलत नाही, अशा वेळी माणूस मन मोकळं करतो. आणि माझा नवरा अशा वेळी माझं नाव पुढे करतो.

"परक्या देशात बसून पिस्तुलाच्या गप्पा?" मी म्हटलं. "उद्या कुणी ऐकलं तर?"

"पिस्तूल कुठे आहे? ते अमेरिकेत कपाटात आहे. इथे नुसतं पुस्तक आहे."

सासूबाई तेव्हा नाशिकहून आमच्याकडे आलेल्या होत्या. त्या आतून म्हणाल्या, "अगं, विद्येला नाही म्हणू नये." झालं. यांना तेवढंच हवं होतं.

सोमवारी संध्याकाळी साहेब खजुराचा डबा घेऊन आले. अर्धा तास उशीर झाला होता, कारण आमच्या सिग्नलचं वळण सकाळपासून बंद केलं होतं आणि यू-टर्न घ्यायला पार विमानतळापर्यंत जावं लागलं होतं. त्यांनी दारात बूट काढले. ते बूट आमच्या चपलांच्या रॅकमध्ये मावेनात, म्हणून मुलीने ते गॅलरीत नेऊन ठेवले. मग साहेब टेबलाशी, लसावि काढणाऱ्या मुलांच्या रांगेत, गुडघे बाहेरच्या बाजूला वळवून बसले. सासूबाईंनी आतून डोकावून पाहिलं आणि पोह्यात आणखी एक मूठ वाढवली.

मी आधी त्यांची परीक्षाच घेतली. पुस्तकाच्या मागे नमुना प्रश्न होते, प्रत्येकाला चार पर्याय. पहिलाच प्रश्न असा: तुमच्या गॅरेजमधून एक माणूस टीव्ही घेऊन पळतोय, त्याची तुमच्याकडे पाठ आहे. तुम्ही काय कराल? त्याच्यावर गोळी झाडाल, हवेत गोळी झाडाल, त्याचा पाठलाग कराल, की आत राहून पोलिसांना फोन कराल आणि त्याचं वर्णन नीट लक्षात ठेवाल?

साहेबांनी बराच विचार केला. "ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे," ते म्हणाले.

"कशावर?"

"मुळात मी टीव्ही गॅरेजमध्ये ठेवत नाही. आणि माझ्या गॅरेजला दोन दारं आहेत. तो कुठल्या दाराने पळतोय ते प्रश्नात दिलेलंच नाही."

त्यांनी समासात गॅरेजचा नकाशा काढायला घेतला. एवढ्यात खालच्या मजल्यावरची, माझ्या मुलीच्या वर्गातली मुलगी लसाविमधून डोकं वर न काढता म्हणाली, "इट्स डी, अंकल."

"तुला कसं कळलं?"

"इट्स द लाँगेस्ट आन्सर."

साहेबांनी पान उलटून मागचं उत्तर पाहिलं. डी होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. एवढा मोठा कारखाना सांभाळणारा माणूस, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा तोंडी परीक्षेत पाढा चुकलेल्या पोरासारखा झाला.

त्यांचं दुखणं माझ्या लक्षात आलं. त्यांना येत नव्हतं असं नाही. ते प्रश्नाशी भांडत होते. प्रत्येक प्रश्नात त्यांना काहीतरी उणं सापडायचं. रात्र आहे की दिवस? अंगणात कुत्रा आहे का? तो माणूस ओळखीचा आहे का? हा रोग मला घरातच रोज दिसतो. यांना साधं विचारावं, भाजीत मीठ बरोबर आहे का, तर हे म्हणतात, कशाच्या तुलनेत?

"साहेब," मी म्हटलं, "ज्याने पेपर काढलाय त्याने तुमचं गॅरेज पाहिलेलं नाही. त्याला फक्त चार गोल माहीत आहेत. त्यातला एक काळा करायचा आणि पुढे जायचं."

"आणि प्रश्न चुकीचा असेल तर?"

"तर त्यावर पास झाल्यावर भांडायचं. नापास माणसाचं कोण ऐकतं?"

हे त्यांना पटलं. त्यांनी ते पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहूनसुद्धा घेतलं.

आता शिकवायचं म्हणजे आधी आपल्याला आलं पाहिजे. मी रोज सकाळी, हे कामावर आणि मुलगी शाळेत गेली की, ते पुस्तक घेऊन बसायला लागले. खोटं कशाला सांगू, मला गोडी लागली. शाळेत आम्ही प्रमेयं शिकवायचो, पण त्यात एकही चोर नव्हता. इथे दर पानावर कुणीतरी कुणाच्या तरी घरात शिरत होतं. मी पेन्सिलने खुणा करत वाचायचे आणि समोर मेथी निवडत बसलेल्या सासूबाईंना मराठीत सांगायचे.

"दारूच्या गुत्त्यात न्यायचं का?" त्या विचारायच्या.

"नाही न्यायचं."

"शाळेत?"

"अजिबात नाही."

"रस्त्यात कुणी शिव्या दिल्या तर?"

"काढायचं नाही. आपण निघून जायचं."

"चोर पळत असला तर?"

"पळू द्यायचं."

सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "अगं, मग ते घ्यायचं तरी कशाला? हे सगळं तर मी पिस्तुलाशिवायच करते."

मला इतकं हसू आलं की पुढच्या सोमवारी मी ते साहेबांना सांगून टाकलं. सांगितल्यावर वाटलं, राग यायचा. त्यांनी माझ्याकडून ते वाक्य दोनदा ऐकलं. मग पोह्याची बशी घेऊन आलेल्या सासूबाईंकडे ते बराच वेळ बघत राहिले. सासूबाईंना वाटलं मीठ कमी पडलं. मग साहेब नमुना प्रश्नांवर परत वाकले आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे बहुतेक सगळे गोल बरोबर आले.

"काय केलंत?" मी विचारलं.

"दर प्रश्नाला विचार केला, तुमच्या सासूबाई इथे काय करतील?" ते म्हणाले. "आणि तेच उत्तर निघालं."

गाडी अशी छान रुळावर आली होती. मग एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या मुलीची आई वर आली. पुण्याची, बँकेत काम करणारी, बोलणं मोजकं. चहा नको म्हणाली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"ताई, एक विचारू? तुम्ही मुलांना नक्की काय शिकवता?"

"लसावि. का हो?"

झालं होतं असं की आदल्या रात्री जेवताना तिचा नवरा चिडला होता. शेजाऱ्याने पुन्हा त्यांच्या जागेवर गाडी लावली होती. तो म्हणाला, "या माणसाला एक दिवस गोळी घालीन." तर त्यांच्या लेकीने वरण ओरपत सांगितलं, "पप्पा, यू कान्ट. पार्किंगसाठी प्राणघातक बळ वापरता येत नाही. यू मस्ट बी इन इमिनन्ट डेंजर." मग तिने दोन उदाहरणंही दिली.

मी तिला साहेबांची सगळी कथा सांगितली. ती हसली, पण पुरती नाही. "घरात बोलली म्हणून ठीक," ती म्हणाली. "शाळेत बोलली असती तर? बसमध्ये बोलली असती तर?" तिचं चुकत नव्हतं. मुलांना वेगळ्या वेळी बोलवावं, तर साहेबांना दुसरी वेळ जमत नव्हती. साहेबांना आतल्या खोलीत बसवावं, तर तिथे सासूबाईंची मालिका चालू असायची. हे म्हणाले, "कोड वर्ड ठेवू." कारखान्यात सगळ्या गोष्टींना कोड असतात म्हणे.

पण कुठला शब्द? मुलीने सुचवलेले सगळे शब्द खेळण्यांचे होते आणि ते पिस्तुलाहूनही संशयास्पद वाटत होते. त्या दिवशी सासूबाईंनी भरली वांगी केली होती, पातेलं टेबलावरच होतं. मी म्हटलं, वांगं म्हणा. हिंदीवाल्यांना कळणार नाही, मल्याळी लोकांना कळणार नाही, अरबांना तर नाहीच नाही.

पुढच्या वेळी मी साहेबांना नवा शब्द शिकवला. ते 'वांगा' म्हणायचे. आणि मग मी पुस्तकातला सुरक्षेचा पहिला नियम मोठ्याने वाचला, नव्या शब्दासकट: प्रत्येक वांगं भरलेलंच आहे असं समजून हाताळावं.

पुढे मला वाचताच येईना. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून हसले. सासूबाईंनी कारण विचारलं, तर सांगितलं. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "भरलेलं नाही ते काय वांगं?" बाहेर साहेब मुलांबरोबर घोकत होते, वांग्याचं तोंड कधीही माणसाकडे करू नये, वांगं लहान मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नये, आणि खालच्या मजल्यावरची मुलगी त्यांना चुका सांगत होती.

साहेबांना आमचं देणं कसं फेडावं ते कळत नव्हतं. पैसे मी घेतले नसते, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी एका मॅचची तिकिटं काढली. अल रय्यानला एक मोठं स्टेडियम नवं करकरीत केलं होतं आणि वर्ल्ड कपची रंगीत तालीम म्हणून तिथे सामने होत होते. साहेब, आम्ही दोघं आणि मुलगी असे निघालो. सासूबाई म्हणाल्या मला त्या गर्दीत नको, आणि दशम्यांचा डबा व शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. स्टेडियममध्ये बाहेरचं खाणं चालत नाही, असं यांनी सांगून पाहिलं. "दशमी म्हणजे काय खाणं आहे का?" असं उत्तर आलं, त्यामुळे डबा माझ्या पर्समध्ये गेला.

तपासणीची रांग लांब होती. साहेबांची परीक्षा दोन आठवड्यांवर आलेली, म्हणून मुलगी त्यांना रांगेतच प्रश्न विचारत होती. इथे येईपर्यंत मनाई असलेल्या जागांच्या यादीतले चर्च, कोर्ट आणि दवाखाना त्यांनी संपवले होते. आम्ही अगदी तपासणीच्या टेबलाशी पोचलो आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली, "अंकल, कॅन यू ब्रिंग युवर वांगा इनसाइड अ स्टेडियम?"

"नो!" साहेब त्याहून मोठ्याने म्हणाले. "इट इज प्रोहिबिटेड!"

टेबलापलीकडचा सुरक्षारक्षक आफ्रिकेतला होता, उंचीने साहेबांच्या तोडीचा. त्याने हातातलं यंत्र खाली केलं. "सर, काय आणायला मनाई आहे?"

साहेबांचे कान लाल झाले. यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी मुलीनेच तोंड उघडलं. "वांगा. इट्स अ व्हेजिटेबल."

"भाजी?" तो म्हणाला. "तुम्ही भाजी आणली आहे?"

"नाही, नाही," हे म्हणाले. "भाजी नाही. भाजी अमेरिकेत आहे."

यावर त्या बिचाऱ्याने काय समजावं? त्याने शांतपणे माझी पर्स मागितली, उघडली आणि आतून स्टीलचा डबा काढला. झाकण उघडताच चटणीचा वास दरवळला. तो म्हणाला, "मॅडम, बाहेरचं खाणं नाही." पण बोलला अगदी मायेने. टाकून द्या म्हणाला नाही, पलीकडचा कठडा दाखवला आणि म्हणाला, तिथे बसून खा आणि या, रांगेत पुन्हा उभं राहू नका, थेट माझ्याकडे या.

तसे आम्ही चौघं कठड्यावर बसलो. आत मॅच सुरू झाली. लोकांचा ओरडा ऐकू आला, म्हणजे गोल झाला होता, कुणाचा ते कळलं नाही. साहेबांनी दशमीला चटणी लावून खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढत आणखी मागितली. मग ते हसायला लागले. "भाजी अमेरिकेत आहे," असं म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. हे आधी ओशाळले होते, मग तेही हसायला लागले. आम्ही परत गेल्यावर रक्षकाने रिकामा डबा बघून मान डोलावली आणि साहेबांना जरा जास्तच नीट तपासलं.

परीक्षेसाठी अमेरिकेला जायच्या आदल्या दिवशी साहेब निरोपाला आले. सासूबाईंनी त्यांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं, तर मी सांगितलं. त्यावर त्यांना खरोखरच शंका आली, "पण पेपर शुक्रवारी आहे. तोवर याचा परिणाम टिकेल का?"

मी मराठीत विचारलं. सासूबाई कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून एव्हाना बरंच काही शिकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "इन्शाल्ला."

शुक्रवारी फोन नाही. शनिवारी नाही. हे तर घरात येरझाऱ्या घालत होते, जसा काही स्वतःचाच निकाल आहे. मी वरवर शांत होते, पण कढी करताना ती फुटली. शेवटी रविवारी संध्याकाळी, मुलं टेबलाशी असतानाच, व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर साहेबांचं अर्धं कपाळ दिसत होतं.

"तो पुलावरचा प्रश्न चुकीचाच होता," ते म्हणाले. "पूल कोणाच्या हद्दीत आहे ते दिलेलंच नव्हतं. मी परीक्षकाला—"

"साहेब, पास झालात का?"

"अं? हो, हो. दोनच चुकले."

टेबलाशी एकच कल्ला झाला. खालच्या मजल्यावरच्या मुलीने विचारलं कुठले दोन, आणि ऐकून कपाळाला हात लावला. मग फोन साहेबांच्या बायकोने हातात घेतला. गोल चेहरा, पांढरे केस, मिश्कील डोळे. "माझा एकही चुकला नव्हता, हे त्यांनी सांगितलं का तुम्हाला?" तिने विचारलं. आणि मग हळू आवाजात, "लग्न झाल्यापासून मी या माणसाला सांगतेय की जेवढं विचारलंय तेवढ्याचंच उत्तर दे. तुम्ही हे कसं जमवलंत?" मी म्हटलं, आम्ही नाशिकला तीस-चाळीस पोरं एका वर्गात घेतो. तिला ते कितपत कळलं कोण जाणे, पण तिने मला हात जोडून नमस्कार केला, सासूबाईंनी साहेबांना शिकवला होता तसा.

पुढच्या वर्षी साहेब कायमचे गेले. सासूबाई त्याआधीच नाशिकला परतल्या होत्या. साहेब गेल्यावर काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. परवाना हातात आल्यावर पहिल्या दिवशी ते मोठ्या ऐटीत पिस्तूल कमरेला लावून, वर सैल शर्ट घालून बाहेर पडले. आधी पोस्टात काम होतं. तिथे नेता येत नाही, म्हणून गाडीत पेटीत कुलूप लावून ठेवलं. मग नातवाला आणायला शाळेत. तिथे तर शाळेच्या आवारात गाडी न्यायच्या आधीच त्यांना घाम फुटला. ते तसेच मागे फिरून घरी आले, पिस्तूल कपाटात ठेवलं आणि मग गेले. तोवर शाळा सुटून गेली होती आणि नातू शिपायाजवळ बसून रडत होता. संध्याकाळी बायकोला जेवायला नेलं, तर त्या हॉटेलात दारू मिळते, म्हणून पिस्तूल पुन्हा गाडीतल्या पेटीत. शिवाय गाडी चालवताना ते कमरेला टोचतं.

"आता कुठे आहे?" मी विचारलं.

"कपाटात," ते म्हणाले. "पण कायदेशीररीत्या."

दोघांनी मोटारबोटीचा परवाना काढायचा म्हणून बायको आता मागे लागली आहे, असंही त्यांनी सांगितलं. त्यालाही लेखी पेपर असतो, आणि तिने पुस्तक वाचून संपवलं होतं. त्यांनी अजून उघडलं नव्हतं. मी म्हटलं, पहिला धडा आजच वाचा आणि नकाशे काढत बसू नका. इकडे टेबलाशी मुलांची दशांश चिन्हावरून भांडणं लागली होती, म्हणून मी फोन यांच्या हातात दिला आणि जाऊन बसले.